पूर्वेच्या टोकाला जाणारी वाट

आपल्या वाटेवर कोणी चुकू शकतं, हे बोहुमिलाबाईंना मान्यच नव्हतं. बुकोवेत्स गावापासून देशाच्या अगदी पूर्वेच्या टोकापर्यंत, पोलंडच्या हद्दीवरल्या ओढ्यापर्यंत, झाडांवर खुणेचे तीन पट्टे रंगवायचं काम त्या अडतीस वर्षं बिनपगारी करत होत्या. वर पांढरा, मध्ये पिवळा, खाली पांढरा. रेघ सूतभरही वाकडी जात नसे.

आणि आता खुणा रंगवणाऱ्यांचा जिल्हाप्रमुख हीनेक, ज्याला त्यांनी शेंबडा असल्यापासून पाहिलेलं, दोन तक्रारी घेऊन आला होता. लोक चुकतात म्हणे. वाट शाळेतल्या बाईंकडे द्यावी, असं तो आडून आडून सुचवू लागला. बोहुमिलाबाईंनी त्याला मध्येच तोडलं.

"साडेनऊच्या बसने जो परका माणूस उतरेल, त्याच्या मागे जाऊ. कुणाला न विचारता टोकाला पोचला तर वाट माझी. नाहीतर तुझ्या शाळेतल्या बाईंची. मी तोंडातून अक्षर काढणार नाही."

"आणि काढलंत तर?"

"तर हरले."

बसमधून सत्तरीचे कोतेरा उतरले. इथवर आल्याची खूण म्हणून खानावळीत वहीवर शिक्का घेताना त्यांनी सगळ्यांना आपली कहाणी ऐकवली. ते थेट आशचे, म्हणजे पश्चिम टोकाजवळचे. उत्तर झालं, दक्षिण झालं, आता एवढं एकच टोक राहिलं होतं. सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि पुढचं डॉक्टर काही सांगत नव्हते.

ते निघाले. पाठोपाठ, सहज फिरायला आल्यासारखी ही दोघं. कोतेरा खूण बघत आणि वळत. बोहुमिलाबाईंची छाती फुगत चालली. चढावर मात्र हीनेकचं पोट आडवं आलं. तो ओंडक्यावर टेकला आणि धापा टाकत म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, परत आले की मी त्यांनाच विचारतो.

पुढे मोकळवन लागलं. कीड लागलेली झाडं हिवाळ्यात तोडली होती. एप्रिलमध्ये रंगाचा डबा घेऊन बोहुमिलाबाई इथून गेल्या होत्या, तेव्हा छान ऊन आलंय असंच त्यांना वाटलं होतं. कोतेरा थांबले. डावीकडे वळा ना, यात काय कठीण आहे, असं बाई मनात म्हणाल्या आणि खूण शोधायला त्यांनी स्वतःच मान वर केली. एकही खूण नव्हती. झाडांबरोबर खुणाही गेल्या होत्या. पायांना वाट पाठ, म्हणून डोळ्यांनी कधी तपासलंच नव्हतं.

खुणा संपल्या म्हणजे टोक आलं, असं समजून कोतेरांनी मात्र खुंटावर कॅमेरा ठेवला, केस नीट केले, फोटो काढला आणि खुशीत वहीत तारीख लिहिली.

"सुंदर आहे हो टोक," ते बाईंना म्हणाले आणि परत फिरले.

खरं टोक तिथून तीनशे पावलांवर होतं. खाली हीनेक विचारणार, कोतेरा आनंदाने हो म्हणणार आणि वाट बाईंची राहणार. त्यासाठी फक्त गप्प बसायचं होतं. आणि बोहुमिलाबाईंना गप्प बसावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. ही वाट गेली तर सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

कोतेरा गुडघा सांभाळत चार पावलं उतरले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे टोक नाही. इथे खूण असायला हवी होती. ती मी घातली नाही."

मग खाली तोंड करून त्यांनी खणखणीत हाक दिली, "हीनेक, मी बोलले रे. त्या शाळेतल्या बाईंना सांग, मोकळवनात खांब रोवावे लागतील. आणि पहिल्यांदा एकटीनेच या म्हणावं, कुणी वाट दाखवायच्या आत, म्हणजे खूण कुठे हवी ते दिसेल."

कोतेरा गोंधळून बघत होते. "मग चला, दाखवा तुम्हीच."

"डावीकडे त्या पांढऱ्या खोडाच्या बर्चपर्यंत दाखवते. तिथून तुम्ही पुढे व्हा. तिथून खुणा आहेत."

बर्चपाशी बाई थांबल्या आणि कोतेरांच्या मागे चालू लागल्या. मान ताठ होती. ओढ्याकाठच्या, टोक दाखवणाऱ्या दगडापर्यंत कोतेरांनी एकदाही मागे वळून विचारलं नाही.