हॉबर्टचं रिव्हॉल्व्हर विकताना

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना जेवू घातलं, मुख्याध्यापकांना दोनदा तोंडावर झापलं, पण घरात भरलेलं रिव्हॉल्व्हर आहे म्हटलं की मला झोप लागत नसे. माझा नवरा हॉबर्ट होता तोवर ते त्याच्या उशाशी असायचं आणि तो मोठ्यानं घोरायचा, म्हणून निभावून नेलं. मागच्या हिवाळ्यात तो गेला. घोरणं थांबलं, रिव्हॉल्व्हर मात्र तिथंच राहिलं.

ते विकायचं ठरवलं तेव्हा माझा दीर व्हर्जिल पोट धरून हसला. "वहिनी, यात विचार कसला? फोनवर जाहिरात टाक, टायरच्या दुकानामागे भेट, घेणाऱ्याचं ड्रायव्हिंग लायसन्स बघ आणि देऊन टाक. सगळं गाव तसंच करतं."

"सगळ्या गावाला झोप लागते. मला लागत नाही," मी म्हटलं.

त्याचं खोटं नव्हतं. आमच्या टेनेसीत एका माणसानं दुसऱ्याला बंदूक विकली तर सरकारला विचारावं लागत नाही. घेणारा याच राज्यातला आहे ना आणि वयात आलाय ना, एवढं बघायचं, एक चिठ्ठी लिहायची, हात मिळवायचा. पण मला ते पटेना. मी जाहिरातीतच लिहिलं, 'व्यवहार कर्टिस रॅटलिफच्या दुकानात होईल. तो चौकशीचा फोन लावेल. नको असेल त्यानं दुसरीकडे बघावं.' कर्टिस परवानाधारक दुकानदार. दोन माणसांच्या मध्ये उभा राहून तो कागद भरून घेतो, एफबीआयला फोन लावतो, आणि तिकडून होकार आला की मगच हत्यार हातात देतो.

गोळ्या काढल्या, वेगळ्या डब्यात ठेवल्या, रिव्हॉल्व्हर तीनदा उघडून रिकामं असल्याची खात्री केली. एवढी सगळी काळजी घेतली आणि फोटो काढला कुठे, तर पुढच्या ओसरीतल्या झोपाळ्यावर! शहाणी माणसं गाडीच्या मागच्या फळीवर ठेवून फोटो काढतात, आजूबाजूचं काही दिसू नये म्हणून. मी मात्र उजेड छान पडला होता म्हणून खूश.

पहिला निरोप कुणा 'बोटीवरच्या सैनिका'चा आला. चेक पाठवतो, हत्यार कुरिअरनं पाठवा म्हणे. मी त्याला लिहिलं, बाळा, मी म्हातारी आहे, खुळी नाही.

दुसरा निरोप आला, 'मिस ओपल, हा झोपाळा मी ओळखतो. गेल्या वर्षी तुमच्या ओसरीचं छप्पर मीच दुरुस्त केलं होतं. मी घेतो. कर्टिसकडे चालेल.'

तो ड्वेन लन्सफर्ड होता. (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात.) त्याची बायको रेनी माझ्या जागी शाळेच्या स्वयंपाकघरात लागली होती, मीच तिला शिकवलं होतं. ड्वेन चर्चमध्ये सगळ्यांसाठी दार उघडून धरणारा, म्हाताऱ्यांना हात देणारा. मला केवढं हायसं वाटलं. ओळखीचा चोर जिवे न सोडी, ही म्हण मला तेव्हा आठवायला हवी होती.

शुक्रवारी दुपारी आम्ही कर्टिसच्या दुकानात गेलो. एका भिंतीला बंदुका, दुसऱ्या भिंतीला मासे धरायचे गळ. ड्वेननं टोपी काढून कागद भरला. 'हे हत्यार तुम्ही स्वतःसाठीच घेत आहात का' या प्रश्नापुढे ठळक होय लिहिलं. कर्टिसनं फोन लावला. तिकडून तीनच उत्तरं येतात, द्या, देऊ नका, किंवा थांबा. ड्वेनसाठी उत्तर आलं, थांबा.

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"काही नाही, जुनी कागदपत्रं तपासत असतील," कर्टिस म्हणाला. "कामाचे तीन दिवस वाट बघायची. बुधवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर गुरुवारी मी देऊ शकतो. कायदाच आहे तसा."

"उत्तर न येताच?"

"उत्तर न येताच."

ड्वेन हसला. "गुरुवार तर गुरुवार. मला कुठे घाई आहे?"

रिव्हॉल्व्हर परत घरी न्यायचं माझ्या जिवावर आलं. ठेव बाबा तुझ्याकडेच, म्हटलं. कर्टिसनं ते आपल्या वहीत चढवलं आणि तिजोरीत ठेवलं. त्या रात्री मी किती तरी महिन्यांनी गाढ झोपले.

मंगळवारी शाळा सुटल्यावर रेनी आली. माझं काचेचं भांडं परत द्यायला आली होती, असं तिनं सांगितलं. पण भांडं टेबलावर ठेवून झालं तरी ती उभीच.

"बस ना गं. चहा ओतते, बर्फ घालून."

"नको मिस ओपल. म्हणजे, चालेल." ती बसली. बाहीखालचं मनगट तिनं दुसऱ्या हातानं झाकलं. मी बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं. "मी त्याला रविवारी सांगून टाकलं. शनिवारी माझा भाऊ नॉक्सव्हिलहून येतोय मला न्यायला. शुक्रवारी शाळेला सुट्टी लागते, तेवढं झालं की मी जाते म्हटलं."

"मग? काय म्हणाला?"

"तेच कळत नाहीये. ओरडला नाही. काही फेकलं नाही. जेवला, स्वतःचं ताट स्वतः धुतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आणि म्हणाला, 'ठीक आहे. आपण गुरुवारी बोलू.'" ती कसंनुसं हसली. "गुरुवारी काय आहे, मिस ओपल? तेव्हापासून विचार करतेय. ना वाढदिवस, ना काही."

हातातला चहाचा पेला मी खाली ठेवला. गुरुवारी काय आहे ते या गावात तिघांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक मी होते.

मी तिला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ती पांढरीफटक पडली. रडली नाही, नुसती खिडकीबाहेर बघत राहिली.

"आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"आत्ता निघाले तर तो शोधत येईल. शनिवारी भाऊ असेल, त्याचे दोन मित्र असतील. मला फक्त शनिवारपर्यंत काढायचंय. तुम्ही एवढंच करा, ते त्याला देऊ नका."

"माझी वस्तू आहे. मी नाही म्हटलं की नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

शेरिफच्या कचेरीत फोन केला. तिथला पोरगा सभ्य होता. म्हणाला, "त्यानं काही केलंय का, मॅडम? बायकोनं येऊन तक्रार लिहून द्यायला हवी." रेनी जायला तयार नव्हती. गेली तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, म्हणाली. ते खरंच होतं.

बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी कर्टिसच्या दारात. सगळं ऐकून त्यानं डोकं खाजवलं. "ओपल, तुला ते परत न्यायचं असेल तर आता तुलाही कागद भरावा लागेल."

"माझ्याच नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर न्यायला?"

"माझ्या वहीत चढलंय ना. आता ते माझ्याकडून बाहेर पडताना कुणीही असो, फोन लावावाच लागतो."

काय सांगू, मला तो कागद भरताना घाम फुटला. तुम्ही फरार आहात का? नाही. तुमच्यावर गुन्हा आहे का? नाही. मला आठवेल तेवढ्या सगळ्या पापांची यादी डोळ्यांपुढून गेली. त्रेसष्ट वर्षांत वेगाने गाडी चालवल्याच्या दोन पावत्या. मलाही 'थांबा' आलं तर? कर्टिसनं फोन लावला. दोन मिनिटांत उत्तर आलं, द्या.

मी ते घेतलं आणि तिथंच कर्टिसच्या हातात परत दिलं. "आता हे माझं म्हणून तुझ्या तिजोरीत ठेव. आणि उद्या मी इथे असेन."

"तू कशाला? मी सांगतो त्याला, व्यवहार रद्द." पण हे बोलताना त्यानं दाराकडे बघितलं. त्याच्या दुकानाला मोठ्या काचा आहेत.

"जाहिरात माझी होती. नाही म्हणायचं काम माझं."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गाडीचा आवाज आला की मी उठून पडदा सारत होते. रिव्हॉल्व्हर घरात नव्हतं, तरी भीती होतीच, उलट दुपटीनं होती.

गुरुवारी अकरा वाजता ड्वेन आला. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. मला बघून थबकला, मग हसला.

"मिस ओपल! तुम्हाला यायची काय गरज होती?"

"ड्वेन, मी विकत नाहीये." मी पर्स काउंटरवर ठेवली. "विचार बदलला. हॉबर्टची आठवण आहे."

"आठवण," तो म्हणाला. कर्टिस वहीत काहीतरी लिहीत असल्याचं सोंग करत होता, पेन हलत नव्हतं. ड्वेनची नजर माझ्यावरून हलेना. मला वाटलं आता हा काचेवर हात मारणार, की माझ्यावरच.

पण त्यानं नुसता खिशातून फोन काढला. "रेनी आली होती ना तुमच्याकडे? मंगळवारी. भांडं द्यायला."

मी कर्टिसच्या वहीकडे बघितलं.

"काही हरकत नाही," तो अगदी प्रेमानं म्हणाला. काउंटरवर फोन ठेवून त्यानं माझ्याकडे वळवला. पडद्यावर रिव्हॉल्व्हर, पिस्तुलं, एकाखाली एक. "हे बघा. आपल्याच जिल्ह्यातले बारा जण. यातला एकही फोन लावायला सांगत नाही. तुम्हीच एकट्या शहाण्या निघालात." त्यानं माझ्यादेखत एकाला लिहिलं, अजून आहे का? तो टोपी घालतो न घालतो तोच उत्तर आलं. त्यानं वाचून दाखवलं, "'आहे. आज दुपारी. लायसन्स टेनेसीचं ना?' टेनेसीचंच आहे की."

दारात वळून तो म्हणाला, "झोपाळ्याला तेल घाला, मिस ओपल. रात्री फार करकरतो."

त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी काचेतून बघत राहिले. मग मी कर्टिसला ओरडले, "शेरिफला लाव फोन, काय घडलं ते सगळं सांग!" आणि माझ्या गाडीकडे पळत सुटले. या वयात मी पळते हे मलाही नवीन होतं.

शाळेच्या स्वयंपाकघरात रेनी जाळीची टोपी घालून बटाट्याचे ट्रे भट्टीत सरकवत होती.

"चल."

"शनिवारी..."

"शनिवार विसर. आत्ता. पर्स राहू दे."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि भट्टी बंद केली. एवढंच. एप्रनसकट गाडीत येऊन बसली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि माझ्या फोनवर ती जाहिरातींची यादी शोधत होती.

"बारा म्हणालात ना?"

"बारा."

ती प्रत्येकाला तेच लिहीत होती. घाईत चुकत होतं, पुन्हा पुन्हा खोडावं लागे. 'ड्वेन लन्सफर्ड नावाचा माणूस आला तर कृपा करून देऊ नका. तो माझा नवरा आहे. तो मला मारेल.' मी डोळे रस्त्यावर ठेवले होते, पण ती मोठ्यानं वाचत होती म्हणून ऐकत होते. एकानं लगेच लिहिलं, नाही देणार, बाई, देव तुमचं रक्षण करो. दुसऱ्यानं लिहिलं, माझं कालच गेलं, दुसऱ्याला. एकानं विचारलं, ही काय चेष्टा आहे? हळूहळू दहा जणांची उत्तरं आली, अकरा जणांची आली. प्रत्येक उत्तराला ती एकेक बोट दुमडून मोजत होती आणि मला वाटू लागलं होतं की जमलं, या पोरीनं जमवलं.

एक वाजून वीस मिनिटांनी बाराव्याचं आलं. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मी गाडी बाजूला घेऊन फोन हातात घेतला.

'माफ करा ताई, अर्ध्या तासापूर्वीच दिलं. कार्ड बघितलं, चिठ्ठीवर सही घेतली, सगळं नियमानं केलं. फार सभ्य माणूस वाटला.'

मी त्या माणसाला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं व्हर्जिल म्हणाला होता तेच केलं होतं. सगळं गाव करतं तेच.

"भाऊ घरी असेल ना?" मी विचारलं. "अजून वीस मिनिटांत पोचू आपण."

रेनीनं एप्रनची गाठ सोडली, एप्रन काढून मांडीवर त्याची घडी केली. मग अगदी हळू म्हणाली, "मिस ओपल, भावाचं घर त्याला माहीत आहे. पहिला तिथंच जाईल."

मी शेरिफला फोन लावून तो निरोप शब्दाशब्दानं वाचून दाखवला. भावाला सांगितलं, बायको-पोरांना घेऊन घराबाहेर पड. मग गाडी पुन्हा रस्त्याला घेतली. नॉक्सव्हिलची पाटी आली, तिच्या भावाच्या घराकडचं वळण आलं. मी ते वळण सोडलं आणि सरळ जात राहिले.