माथ्यावरची शिटी

"अहो, हळू लावा. चहा सांडेल माझा," शेवटच्या डब्याच्या दारातून काकू म्हणाल्या.

"आजवर कुणाचा सांडलाय?" ढकलूकाकांनी इंजिन डब्याला अलगद टेकवलं. कपातला चहा नुसता हलला.

खिंड चढताना गाडीला पुढच्या एका इंजिनाचा दम पुरत नाही. म्हणून पायथ्याला मागून दुसरं लावायचं, माथ्यापर्यंत ढकलायचं, सोडवताना एक लांब शिटी द्यायची आणि एकट्याने खाली परतायचं. काकांचा उभा जन्म यात गेला, नाव तेच पडलं. डोंगराच्या रांगेत ओलांडता येईल अशी एवढीच सखल जागा. आधी खेचरवाले गेले, मग फौजा, मग रूळ आले. "सगळं जग इथूनच पलीकडे गेलं," काका ऐटीत सांगायचे, "त्यातलं अर्धं मी ढकललं."

स्वतः मात्र पलीकडे कधी उतरले नाहीत. पलीकडे लेक होती. तिने आपल्या मनाने लग्न ठरवलं, काकांनी बोलणं टाकलं. एका सकाळी ती निघून गेली. ती ज्या गाडीत होती तीच गाडी आपण चढवली, हे त्यांना घरी आल्यावर कळलं. तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

आज नोकरीचा शेवटचा दिवस. काकू दरवर्षीसारख्या लेकीकडे निघालेल्या, पण आज तिकिटं दोन काढली होती. "यायचं तर या. मी हात धरून नेणार नाही," असं सकाळीच सुनावलं होतं.

बोगद्यापुढच्या वळणावर चाकं घसरू लागली. काकांनी पकड यावी म्हणून रुळांवर वाळू सोडली, हात हलका केला आणि गाडी गुमान वर सरकली. माथ्यावर जोडणी सुटली, तरी ते जागचे हलेनात.

"जा की काका," शेजारी बसलेला, उद्यापासून हे इंजिन ज्याचं होणार होतं तो चाळिशीचा ड्रायव्हर म्हणाला. "मी काय इथे शोभेला बसलोय?"

काका उतरले आणि डब्यात चढले. आयुष्यभर चढाला न घाबरलेला माणूस आता मनातून पार हादरला होता.

"ती दार उघडेल का गं?" गाडी उताराला लागल्यावर त्यांनी विचारलं.

"न उघडायला काय झालं? त्या दिवशी मुद्दाम शेवटच्या डब्यात बसली होती, तुम्ही ढकलणार म्हणून. माथ्यावर तुम्ही शिटी दिलीत ना? ती अजून सगळ्यांना सांगते, बाबा बोलले नाहीत, पण शिटी देऊन पाठवणी केली."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

शिटी सगळ्याच गाड्यांना देतात, हे काकांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

मागे माथ्यावर इंजिन लहान होत चाललं होतं. तिथून लांब शिटी आली. काका दारात उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.