खांबाच्या भेगेचे बारा फोटो

१

पडदेवाल्यांच्या दुकानात मधोमध एक खांब आहे आणि त्या खांबाला भेग पडली आहे. खांबाच्या वर पहिला मजला. पहिल्या मजल्यावर माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि दोन मुली. खांबाला लोखंडी टेकू लावायचे तर दुकान दीड महिना बंद ठेवावं लागेल. टेकू लावायला इमारतीच्या अध्यक्षांची सही लागते. अध्यक्ष पडदेवालेच.

खालच्या आकड्यांकडे बघून बिचकू नका. गोष्ट वरून खाली सरळच आहे.

१०

मी बांधकाम तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. वर्षभर, दर महिन्याला, या दुकानात यायचं, पडद्यांच्या नमुन्यांचा स्टँड सरकवायचा, भेगेला स्टीलची पट्टी लावायची, फोटो काढायचा. बारा महिने, बारा फोटो.

आमच्याकडे बाकीचे लोक ज्या प्रोग्रॅममध्ये फोटो बघतात तो फोटो उघडला रे उघडला की विचारतो, सुंदर करू का? एका शहाण्याने 'हो' दाबलं. तुळईवरची केसाएवढी भेग गुळगुळीत होऊन गेली, आणि शहाणा तोच फोटो अहवालाला डकवून जेवायला गेला.

मी काळी खिडकी उघडते. प्रोग्रॅमचं नाव टाइप करते, पुढे फाइलींची नावं, एंटर. फोटो येतो. नुसता फोटो. कडेला बटणं नाहीत, बदाम नाहीत, 'गेल्या वर्षी याच दिवशी' नाही. बाण दाबला की पुढचा, क्यू दाबला की बंद. ज्याला एवढंही झेपत नाही त्याने कॅलेंडरवरची फुलं बघावीत.

११

सभा दुकानातच होती. समितीत दोनच माणसं येतात: अध्यक्ष, आणि सचिव म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. धाकटी माझ्या शेजारी बसली होती. लॅपटॉप कापडाच्या गठ्ठ्यावर.

"हे काळं काळं काय आलं?" पडदेवाले म्हणाले. "बिघडलं वाटतं."

"बिघडलेलं नाही. कमांड टाइप करायची असते."

"माझी नात तीन वर्षांची आहे. बोटाने सरकवते फोटो."

"नातीला खांबाचं काही ठरवायचं नाहीये."

धाकटीने मला कोपराने ढोसलं.

"मॅडम, बंद करायची फुली कुठंय याला?" डॉक्टर वाकून म्हणाले.

"नाहीये. क्यू दाबायचा."

"आणि क्यू सापडलाच नाही तर?"

या माणसाकडे लोक तोंड उघडून झोपतात.

१२

भेग-एक ते भेग-बारा, सगळ्यांची नावं एका फटक्यात दिली. एंटर.

पहिला फोटो. "अर्धा मिलिमीटर," मी म्हणाले. "ही सुरुवात."

बाण. बाण. बाण. बाण. मला आकडे पाठ होते, त्यामुळे मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत नव्हते. मी त्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटच्या फोटोत साडेतीन मिलिमीटर येणार होते आणि तेव्हा या दोन चेहऱ्यांचं काय होतं ते मला बघायचं होतं. त्यासाठीच तर आले होते, असंही म्हणता येईल.

२

"थांबा," पडदेवाले म्हणाले. "ही बारीक झाली."

मी वळून बघितलं. पट्टीवर पाऊण मिलिमीटर.

"मघाशी जाड होती. साडेतीन. मी वाचलं पट्टीवर." त्यांनी स्वतःच बाण दाबला. "आता एक. मॅडम, भेग भरतेय की तुमची."

"भेग भरत नसते."

"मी म्हणतच होतो. मटेरियल बसलं की आपोआप मिटतं."

"दात असता तर मीही थोडं थांबून बघा म्हटलं असतं," डॉक्टर म्हणाले.

३

चूक माझी होती. हे वाक्य लिहायला मला दुपार गेली.

संगणक नावं अक्षरं धरून लावतो. एकनंतर दोन येत नाही. एकनंतर दहा, अकरा, बारा, आणि मग दोन. म्हणून नावात आधी शून्य घालायचं असतं, नाहीतर कमांडमध्ये एक शब्द जास्त लिहायचा असतो. शेंबड्या पोरालाही कळेल असं म्हणत मी याच चुकीवरून दोन सहकाऱ्यांना वर्षभर टोमणे मारले आहेत. त्यातली एक नोकरी सोडून गेली. मला वाटलं होतं, बरं झालं.

४

क्यू दाबला. तो शब्द घातला. एंटर.

"आता बघा. आता बरोबर लागलेत."

"आता काय बघायचं?" पडदेवाले आरामात मागे रेलले. पाठ थेट खांबाला. "मघाशी एक क्रम, आता दुसरा. तुम्ही त्या काळ्यात काहीतरी खुडखुड करता आणि भेग वाढते. अजून दोन ओळी लिहिल्यात तर इमारत पाडाल."

डॉक्टर हसले. चांगले पांढरे दात आहेत त्यांचे.

"पट्टी तर खरी आहे ना फोटोतली?" मी म्हणाले.

"पट्टी खरी. पण आधीची कुठली, नंतरची कुठली, हे कोण सांगणार? तुम्हीच."

मूर्ख माणसाचा खरा त्रास हा, की तो मधूनच बरोबर बोलतो.

५

"पुढच्या सभेत घेऊ हा विषय," डॉक्टर म्हणाले आणि वहीत तसं लिहू लागले.

पुढची सभा तीन महिन्यांनी.

६

धाकटीने मला हाताला धरून मखमलीच्या गुंडाळ्यांमागे नेलं.

"ताई, तुला यांना गप्प करायचंय की टेकू हवेत?"

"दोन्ही."

"माझ्या मुली त्या खांबावर झोपतात."

तिने मला खांद्याला धरून पडदेवाल्यांकडे वळवलं.

"जा आणि त्यांना विचार. तुमच्या पद्धतीने कसं बघायचं ते दाखवा म्हण."

"या माणसाला? माऊस टीव्हीच्या रिमोटसारखा हवेत धरतो तो."

"हो. यालाच. आणि आवाज नीट ठेव."

७

मी काळी खिडकी बंद केली. फाइलींची साधी खिडकी उघडली, चिमुकले फोटो, सगळे मूर्खासारखे ओळीत. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, पिशवीतून माऊस काढून जोडला.

"मला जरा दाखवता का?" मी म्हणाले. "तारखेप्रमाणे कसे लावायचे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. थट्टा आहे का, ते शोधत होते. मी ती कुठे ठेवली होती ते त्यांना सापडलं नाही.

"अहो, सोपं आहे," ते म्हणाले, आणि एकदम मऊ झाले. "घाबरायचं नाही. हे बघा, वर 'तारीख' लिहिलंय ना? त्यावर एकदा टिचकी. एकदाच हं. लोक दोनदा मारतात."

"अच्छा."

"तारीख कॅमेरा टाकतो. आपण नाही."

"हो का?"

धाकटी जमिनीकडे बघत होती.

८

मग त्यांनी एकेक फोटो उघडला. दोनदा टिचकी, बघणं, फुली. दोनदा टिचकी, बघणं, फुली. मी बाणाने बारा सेकंदांत केलं असतं. त्यांना वीस मिनिटं लागली. दर वेळी पट्टीवरचा आकडा ते मोठ्याने वाचत होते, मला शिकवल्यासारखे. अर्धा. पाऊण. एक. सव्वा. दीड. दीडच. दोन.

सव्वादोनला आवाज खाली आला.

तीनला त्यांनी पाठ खांबापासून काढली. खुर्ची पुढे ओढली, मग अजून पुढे, गुडघे गठ्ठ्याला टेकेपर्यंत.

साडेतीन त्यांनी वाचलंच नाही. फुलीही दाबली नाही.

९

"डॉक्टर, टेकूच्या परवानगीचा कागद आणा तो," ते म्हणाले.

"पुढच्या सभेत लिहिलंय मी."

"खोडा. तारखेने लावून बघितलं म्हणून लक्षात आलं. मॅडमना ते जमत नव्हतं."

"नव्हतं जमत," मी म्हणाले.

"शिकायला हवं हो. काळ्यात किती दिवस बसणार?"

धाकटी वर गेली, मुलींचं सामान भरायला. टेकू लागेपर्यंत त्या माझ्याकडे राहणार होत्या. डॉक्टरांनी कागद आणला. लिहायला टणक जागा नव्हती, सगळीकडे कापडच, म्हणून तो लॅपटॉपच्या झाकणावर ठेवला. पडदेवाल्यांच्या पेनाखाली कागद सरकत होता. तो माणूस मला अजिबात आवडत नव्हता, आणि त्यांची सही नीट उमटावी म्हणून मी दोन बोटांनी कागद घट्ट दाबून धरला होता.