आठवी गाठ

...सातवी गाठ इतकी घट्ट, की तिच्यात नखही शिरत नव्हतं. काथ्याची ती दोरी फांदीवर बसलेल्या सेरुवायाच्या दुखवट्याच्या काळ्या झग्यावर पडली होती. दर वर्षी याच इवीच्या झाडावरच्या अजगरिणीला सेरुवायाचे वडील, ताता, या दोरीनं मोजायचे, शेपटीच्या टोकाशी गाठ मारायचे... ताता जाऊन आज शंभर दिवस. कुळानं तेव्हा सुतक म्हणून बंद केलेलं हे रान उद्या उघडणार, आणि पेनाइयाकाका ते तोडून मुळ्यांच्या पेयासाठी यंगोना लावणार. मादी गाभण असली तर इवीची राई सोडीन, तुझ्या शब्दावर — एवढं मात्र त्यानं कबूल केलं होतं.

"उठल्या का तुझ्या अजगरीण राणीसाहेब?" खालून काका ओरडला. "दिवसभर लोळते नुसती, तुझ्या काकूसारखी!"

"हळू बोल. काकूच्या कानावर जाईल."

बेचक्यातल्या नेच्यातून तिनं मादी अलगद उचलली. तपकिरी, जडशी, चावली नाही, मनगटाला वेटोळं घालून राहिली. सेरुवायानं पोटाखाली अंगठा धरला. ताता सांगायचे — गिळलेली पाल पुढे असते, एकटी. पिल्लं मागे, ओळीनं. ही अंडी घालत नाही, सेरू, पिल्लंच देते... अंगठा हलका ठेव.

अंगठा सरकला. काही कळलं नाही. पुन्हा सरकला. उंचवटा होता — की नव्हता? तातांच्या मयताच्या दिवशी उकळत्या भांड्याला हात लागला होता, तेव्हाही काही कळलं नव्हतं; बायका चटईवर रडत होत्या आणि सेरुवाया चहा देत होती, साखर विचारत होती.

"काय गं? आहेत का?"

हो म्हटलं की झालं. काका तपासायला वर थोडाच चढणार होता! पण तातांनी न चाचपता कधी गाठ मारली नव्हती...

"ताता, बघा ना जरा —"

तिनं मान वळवलीसुद्धा. शेजारच्या फांदीवर, त्यांच्या बसण्यानं गुळगुळीत झालेल्या जागी, ऊन पडलं होतं.

खाली काका बुंध्याला टेकून बसला. हलक्या आवाजात म्हणाला, "सावकाश बघ, पोरी. मी बसलोय."

वेटोळं किंचित आवळलं. सेरुवायानं अंगठा पुन्हा पहिल्यापासून ठेवला, आणि पोटाचे खवले गार लागले — एकेक, वेगळा. शंभर दिवसांत पहिल्यांदा हाताला काही कळत होतं. तिनं अंगठा मागे सरकवला, हलका, अगदी हलका...