रस्त्याखालची जाळी

आक्काच्या कारखान्यात तिच्या भावाच्या बायकोला सगळे ‘शिकलेली’ म्हणत. हे नाव आक्कानंच पाडलं होतं, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. मुलीनं रसायनशास्त्राची दोन वर्षं पुरी केली होती. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी लग्न ठरलं आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. चहात साखर कमी पडली की आक्का कामगार बायकांसमोर विचारायची, ‘‘साखर विरघळते एवढं तरी शिकवतात का गं तिकडे?’’ बायका हसायच्या. नवराही हसायचा. त्याला बहिणीनं लहानाचा मोठा केला होता, पण मोठा व्हायचं तेवढं राहून गेलं होतं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबच लांब शेड. नारळाची सोडणं भिजवायची, कुटायची, काथ्या मोकळा करायचा, त्याचे दोर वळायचे, पायपुसणी विणायची. एके दिवशी तिथं रस्ते खात्याचा इंजिनिअर आला. इस्पितळाकडे जाणारा रस्ता दरवर्षी खचत होता. खालची माती लोण्यासारखी मऊ, वर कितीही खडी टाकली तरी ती पोटात घ्यायची. त्याचं म्हणणं असं, की माती आणि खडीच्या मध्ये काथ्याची जाळीदार चटई अंथरली तर खडी खाली जाणार नाही आणि वरचा भार पसरला जाईल. तीन-चार वर्षांत माती आपोआप दबून घट्ट होते, मग जाळी कुजली तरी बिघडत नाही. पण साधा काथ्या ओल्या मातीत वर्षभरात कुजतो. तो तेवढी वर्षं टिकेल असं काही करता येईल का, असं त्यानं विचारलं.

आक्कानं क्षणाचाही विचार न करता होकार दिला. तो गेल्यावर भावजयीला म्हणाली, ‘‘कर काहीतरी. आता कळेल, शिकलीस का नुसतीच कॉलेजात बसून आलीस.’’

शिकलेलीनं सव्वा वर्ष त्यात घातलं. शेडच्या मागं दोन पिंपं मांडली. एकात कॉस्टिक सोड्याचं पाणी, दुसऱ्यात काजूच्या टरफलांचं काळं तेल. सोड्यानं काथ्यावरचा मेणचट थर निघतो आणि तेल धाग्यात मुरतं. किती सोडा, किती तास, सावलीत किती दिवस वाळवायचं, हे ती वहीत लिहीत गेली. तुकडे चिखलात पुरायचे, महिन्या-महिन्यानं उकरायचे, हुकाच्या वजनकाट्याला अडकवून तुटेपर्यंत ओढायचे. मातीत फडकी पुरणारी बाई म्हणून आक्कानं तिची नक्कल बसवली होती. आल्यागेल्याला करून दाखवायची.

हातमोजे मागितले तेव्हा आक्का म्हणाली की तिच्या आईनं जन्मभर उघड्या हातांनी काथ्या कुटला, कधी कुरकुर केली नाही. सोड्यानं शिकलेलीच्या बोटांची सालं निघाली, तेलानं तळव्यांवर काळे चट्टे उठले. दोर वळणारी मावशी, साठीची, एकटी राहणारी, तेवढी दुपारच्या सुट्टीत तिचे हात मांडीवर घेऊन खोबरेल लावायची. बोलायची काहीच नाही. त्या घरात आणि त्या शेडमध्ये शिकलेलीला मायेनं हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं.

सगळी मेख धुण्यात आहे, हे तिला फार उशिरा कळलं. सोड्यातून काढलेली जाळी एकदा धुतली की स्वच्छ दिसते, पण सोडा आत राहतो. मग तेल नुसतं वर बसतं आणि धागा आतून खाल्ला जातो. सात वेळा पाणी बदलून धुवावं लागे. सातव्या पाण्यात लिटमसचा कागद रंग बदलत नसे. तोवर हाताची बोटं लेखणी धरू शकत नव्हती. वहीत तिनं एवढंच लिहिलं: ‘धुणे’. बाकी डोक्यात ठेवलं.

त्या पद्धतीनं केलेली जाळी इंजिनिअरनं एका गल्लीत चाळीस पावलं अंथरली. वर्षानं उकरून पाहिली तर धागा शाबूत होता. तो दोन वरिष्ठांना घेऊन कारखान्यात आला आणि ही पद्धत कुणी शोधली असं त्यानं विचारलं. शिकलेली चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

‘‘मीच,’’ आक्का म्हणाली. ‘‘घराण्यातच आहे आमच्या.’’

वरिष्ठांपैकी एकानं भावाकडे पाहिलं. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. ‘‘आक्काचंच सगळं,’’ तो म्हणाला.

पाहुणे शेड बघायला बाहेर पडले तसं आक्का तिच्या कानाशी आली. ‘‘पदराखाली घे ते हात. शिसारी येते लोकांना.’’

इस्पितळाच्या पूर्ण रस्त्याचं काम मिळालं. आक्कानं वही काढून घेतली आणि पिंपांवर नवीन माणसं नेमली. शिकलेलीला सोडणं कुटायला बसवलं. पहिल्या जाळ्या सोड्यातून निघाल्या त्या संध्याकाळी नवरा तिच्याजवळ आला आणि किती वेळा धुवायचं असं त्यानं विचारलं. आक्कानं विचारायला सांगितलंय हे त्याला लपवताही येत नव्हतं.

‘‘वहीत आहे तेवढं,’’ ती म्हणाली.

‘‘वहीत नुसतं धुणे लिहिलंय.’’

‘‘मग धुवा.’’

त्यांनी एकदा धुतलं. दुसऱ्या दिवशी ती पिंपांजवळून गेली तेव्हा मोरीतून पिवळट, बुळबुळीत पाणी वाहत होतं. सोडा निघालेला नाही, हे तिला एका नजरेत कळलं. ती मूग गिळून कुटायला बसली. इंजिनिअर माल बघायला आला, तेव्हा वरून काळ्या कुळकुळीत दिसणाऱ्या जाळ्या त्याला पसंत पडल्या. जाता जाता तो मुद्दाम तिच्यापाशी थांबला. त्याला काहीतरी जाणवलं असावं. ‘‘बाई, यात काही राहिलं तर नाही ना?’’ त्यानं विचारलं. आक्का चार हातांवर उभी होती. शिकलेली म्हणाली, नाही. पुढं तिनं स्वतःला पुष्कळदा समजावलं, की आक्का होती म्हणून बोलता आलं नाही. ते खरं नव्हतं. आक्का भर रस्त्यात तोंडावर आपटलेली तिला बघायची होती.

जाळ्या अंथरल्या, वर मुरूम, मग खडी, रोलर, डांबर. सात-आठ महिने रस्ता आरशासारखा होता आणि आक्काच्या गळ्यात हार पडत होते. मग एका सकाळी इस्पितळाच्या वळणावर रस्त्याची कड खाली बसली आणि एक रिक्षा उलटली. रिक्षात मावशी होती. गुडघ्याचं औषध आणायला निघाली होती. तिचा पाठीचा मणका आणि खुबा दोन्ही मोडले. ती पुन्हा उभी राहणार नाही असं डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं.

चौकशी बसली. टेबलावर खड्ड्यातून काढलेली जाळी ठेवली होती. इंजिनिअरनं दोन बोटांनी धरली तर ओल्या कागदासारखी सुटली. आक्कानं वही पुढं सरकवली.

‘‘मी काय, अंगठाछाप बाई,’’ ती म्हणाली. ‘‘हे सगळं हिचं. वही हिची, अक्षर हिचं.’’

चौकशीला आलेल्या साहेबांनी नवऱ्याला विचारलं. ‘‘हिचंच आहे,’’ तो म्हणाला. या वेळी त्यानं जमिनीकडे पाहिलं नाही.

शिकलेलीला हसू आलं आणि ते तिनं आवरलं नाही. तिनं सगळं सांगितलं: सात पाणी, लिटमसचा कागद, मोरीतलं पिवळं पाणी, आणि विचारलं तेव्हा आपण काय उत्तर दिलं तेही. माल पसंत केल्याच्या कागदावर सही इंजिनिअरची होती. त्याला कामावरून काढलं. जाताना तो तिला एवढंच म्हणाला, ‘‘मी तुम्हाला विचारलं होतं हो.’’ आक्काचं रस्त्याचं काम गेलं, पायपुसणी चालूच राहिली. तिला तोशीस म्हणावी अशी लागलीच नाही. शिकलेलीला तिनं घराबाहेर काढलं आणि नवऱ्यानं तिची पेटी दारापर्यंत उचलून दिली.

ती मावशीच्या खोलीत राहायला गेली. एक खाट, एक स्टोव्ह, कौलातून पडणारा उजेड. मावशीला पुसायचं, कुशीवर वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तेल चोळायचं. मावशी सगळ्या चाळीला सांगायची, की पोटच्या पोरीनंही एवढं केलं नसतं. ते ऐकून शिकलेली ताट बाजूला सारायची. चौकशी बंद खोलीत झाली होती; तिथं ती काय बोलली ते मावशीच्या कानावर आलं नव्हतं. दोन महिने तिनं सोसलं. मग एका दुपारी, मावशीचे पाय पुसता पुसता, तिनं सांगून टाकलं. की ठाऊक असून मी गप्प बसले.

मावशीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. शिकलेलीनं पेटी आवरायला घेतली.

‘‘कुठं निघालीस?’’ मावशी म्हणाली.

‘‘माझं तोंड तरी कशाला बघाल तुम्ही?’’

‘‘नाही बघायचं मला. पण मला उचलणार कोण?’’ तिचा आवाज अगदी शांत होता. ‘‘तू कुठं जायचं नाहीस. मी मरेपर्यंत इथंच राहायचं, माझं हगणं-मुतणं काढायचं. आणि माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही.’’

शिकलेलीनं पेटी खाटेखाली सरकवली. मावशी त्यानंतर नऊ वर्षं जगली.