या नावाचं इथे कोणी राहत नाही

"नुन्झिया, ए नुन्झिया! बाहेर ये आधी. जीभ हासडून हातात देते तुझ्या!"

नेपल्समधली आमची गल्ली एवढी अरुंद, की समोरासमोरच्या दोन बाल्कन्यांत जेमतेम कपडे वाळवायची दोरी मावते. ओरडायची गरज नव्हती. पण मला ओरडायचंच होतं.

नुन्झिया ओले हात पुसत समोरच्या बाल्कनीत आली. "काय झालं गं तितीना, सकाळी सकाळी?"

"निल्मिनीचा अर्ज फेटाळला! पोलीस चौकशीला आला होता, आणि शेजाऱ्यांनी त्याला सांगितलं म्हणे, या नावाचं इथे कोणी राहत नाही. दिवसभर बाल्कनीत तूच असतेस ना?"

"पोरांची शपथ, मला कुणी विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तर नाहीच म्हटलं असतं. तू काय हो म्हणाली असतीस?"

मी दार आपटून आत आले.

निल्मिनी माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहते. श्रीलंकेची आहे. एका प्रोफेसरच्या म्हाताऱ्या आईला सांभाळते. सकाळी सातला जाते ती दिवेलागणीला येते. तिची मुलगी इमेशा तिकडे आजीजवळ. पाच वर्षांत पोरीला बघितलेलं नाही. पोरीला इकडे आणायचं तर तिला अठरा पूर्ण व्हायच्या आत अर्ज पडला पाहिजे. अठरावा वाढदिवस चौदा जूनला, आणि त्या दिवशी एप्रिल अर्धा सरला होता. तो अर्ज करायला आधी निल्मिनी या पत्त्यावर राहते अशी पालिकेत नोंद हवी. नोंद हवी तर पोलीस घरी येऊन बघून जाणार. कधी? पंचेचाळीस दिवसांत केव्हाही. वेळ सांगणार नाही. अरे, दिवसभर राबणारी बाई घरात सापडेल कशी? ती राबते म्हणून तर तुम्हाला हवी आहे ना?

"मी येते तुझ्याबरोबर," मी तिला म्हटलं. "बघतेच एकेकाला."

पालिकेच्या ऑफिसात नंबर लागेपर्यंत दीड तास गेला, तोवर मी चांगलीच तापले होते. खिडकीतल्या बाईला म्हटलं, "कोण बोललं ते नाव सांगा. आत्ताच्या आत्ता."

तिने शांतपणे चष्मा लावला आणि शेरा वाचला. "पहिल्या मजल्यावरची वयस्कर महिला. दोरीने टोपली खाली सोडत होती. म्हणाली, या नावाचं इथे कोणी राहत नाही, कधी ऐकलेलंही नाही."

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मी एकटीच राहते.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आठवलं ना! पाववाल्यासाठी टोपली सोडत होते, खाली पोलिसाची टोपी दिसली, त्याने वर बघून काहीतरी विचारलं, आणि माझ्या तोंडून नेहमीचं उत्तर निघून गेलं. आमच्या गल्लीत टोपीवाल्याला हो म्हणायचं नसतं. माझ्या नवऱ्याला, चिरोला, असेच न्यायला आले होते, चोरट्या सिगारेटी विकायचा म्हणून. तो पोटमाळ्यावर लपला होता. कुणीतरी म्हणालं, "हो, वर राहतो." तेवढंच. चार वर्षं आत होता, बाहेर आला तो खोकत, आणि त्या हिवाळ्यातच गेला. तेव्हापासून माझी जीभ आपोआप चालते.

बसमध्ये मी निल्मिनीकडे बघेना. शेवटी तीच म्हणाली, "मावशी, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी तुम्ही मला पाव दिलात आणि म्हणालात, आज एका टोपीवाल्याला पळवून लावलं."

"मग तेव्हाच तोंड का उघडलं नाहीस, बये?"

"तुम्ही इतक्या खुश होतात. मला वाटलं, तो परत येईल."

असा राग आला मला तिचा! तिचा, माझा, सगळ्या जगाचा. तिने पुन्हा अर्ज केला, आणि मी आख्खा मे महिना बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. गुडघे आखडले, पण हलले नाही.

तीन जूनला तो आला. तोच. त्याने तोंड उघडायच्या आत मी ओरडले, "राहते! माझ्या वरच राहते! पाच वर्षं!"

तो वर बघून हसला. "बाई, मागे तुम्ही नाही म्हणालात, तेव्हाच माझी खात्री पटली होती की ती इथेच राहते. आता एवढ्या जोरात हो म्हणताय, तर शंका यायला लागली. हल्ली लोक नोंदीसाठी खोटे पत्ते विकतात."

"खात्री होती तर लिहिलं का नाही, मेल्या?"

"मनातलं लिहिता येत नाही. ती स्वतः समोर दिसली पाहिजे. दहा मिनिटं थांबतो."

प्रोफेसरचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी निल्मिनीला फोन केला, आणि मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. टोपीवाल्याला घरात घेतलं. खुर्ची दिली, कॉफी ठेवली.

"हा कोण?" त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बघून विचारलं.

मी सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण दहा मिनिटं कशाने तरी भरायची होती. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. दुसरी कॉफी त्यानेच मागितली. तासाभराने निल्मिनी धापा टाकत आली, प्रोफेसरच्या आईला हाताला धरून. तिला एकटी टाकून कशी येणार?

वरची खोली बघून झाल्यावर त्याने कागद माझ्यापुढे धरला. "ही बाई इथे राहते?"

चिरो भिंतीवरून बघत होता.

"हो," मी म्हटलं.

इमेशाचा अर्ज अकरा जूनला पडला. तीन दिवस आधी! गल्लीने मात्र मला वाळीत टाकलं. "टोपीवाल्याला कॉफी पाजलीस ना?" म्हणून नुन्झियाने आमच्या दोरीवरचे आपले कपडे काढून नेले. ने म्हटलं, माझे तरी लवकर वाळतील. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.

डिसेंबरात एके दुपारी खाली टॅक्सी थांबली. जाड कोट घातलेली एक बारीकशी मुलगी हातात चिठ्ठी घेऊन उतरली. निल्मिनी तिकडे विमानतळावर एका दाराशी उभी, आणि पोर भलत्याच दाराने बाहेर पडलेली. तिने वर बघून नुन्झियाला आईचं नाव विचारलं.

"या नावाचं इथे कोणी राहत नाही," नुन्झिया म्हणाली.

"कधी ऐकलंच नाही," खालच्या पाववाल्याने री ओढली.

पोरीने चिठ्ठी पुन्हा वाचली. मग बॅगेवर बसली आणि रडायलाच लागली.

"राहते गं, राहते!" मी बाल्कनीतून निम्मी बाहेर वाकले. "तुझी आई इथेच राहते! रडू नकोस, वर ये!" आणि टोपलीत निल्मिनीच्या खोलीची किल्ली टाकून मी भराभर दोरी सोडली.