सरावाचे आप्पा

आप्पांना त्या एका वर्षात दमा झाला, मधुमेह झाला, दोनदा पाय मोडला आणि एकदा ते चक्क वारले. हे सगळं शेजारच्या खोलीत, लेकीच्या संगणकावर घडत असे. आप्पा स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन बसत आणि आज आपल्याला काय झालंय ते कान देऊन ऐकत.

लेकीचं काम तसं सरळ होतं, फक्त चारचौघांना समजावून सांगायला अवघड. ज्या दवाखान्यांत अजून पेशंटची माहिती कागदावर लिहितात, त्यांना ती संगणकावर लिहायला शिकवायचं, तेही घरी बसून. दवाखाना कुठल्या तरी लांबच्या गावात आणि ही आपल्या टेबलाशी. कानांवर हेडफोन, समोर स्क्रीन, स्क्रीनवर तिकडच्या माणसांचे चेहरे. "डाव्या हाताला निळं बटण दिसतंय का? ते नाही. त्याच्या खालचं. ते नाही हो!" दिवसभर हेच. असल्या कामाला डिग्री नको, डोक्यावर बर्फाची लादी हवी, असं आप्पांचं मत होतं.

शिकवायचं तर पेशंट हवा. खऱ्या पेशंटची माहिती सरावाला वापरायची नाही, हा कंपनीचा कडक नियम. मग तिने एक पेशंट मनानेच तयार केला. नाव सुचेना म्हणून 'आप्पा' असं टाकलं आणि वय, उंची, वजन विचारायला बापाकडे आली. आप्पांनी हौसेने सांगितलं. वर म्हणाले, "मरण सोडून काय द्यायचं ते दे."

तेही मिळालं. एका दवाखान्यातल्या कंपाउंडरने घाईघाईत भलतंच बटण दाबलं आणि आप्पा मयत झाले. तिकडे बिचाऱ्याचं धाबं दणाणलं. लेक शांतपणे म्हणाली, "काही हरकत नाही. सरावाची माहिती रोज रात्री पुसली जाते. उद्या सकाळी उठतील." आप्पांनी ते ऐकून आणखी अर्धा कप चहा ओतून घेतला. संध्याकाळी जेवताना दोघं यावर पोट धरून हसले. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात दोघंच, आणि जेवताना रोजचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "ताई, आज मला काय होतं?" आप्पा लेकीला ताईच म्हणत.

अशा घरात आप्पांना खरोखरचं काहीतरी झालं, आणि ते सांगायचं कसं हे त्यांना कळेना.

मंगळवारी दाढी करताना त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे अंधार आला. वरून खाली, दुकानाचं शटर ओढावं तसा. दुखलं नाही, खुपलं नाही. आरशातला अर्धा माणूस गेला आणि थोड्या वेळाने परत आला. आप्पांनी उरलेली दाढी केली, तोंड पुसलं आणि दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून पाहिले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. दरवर्षी डोळ्यांची तपासणी व्हायची आणि दरवर्षी ते डेपोत छाती काढून सांगत सुटायचे की अजून चष्मा नाही. गुडघ्याचं दुखणं असतं तर त्यांनी गल्लीभर सांगितलं असतं. डोळा म्हटल्यावर जीभ रेटेना.

तरी ते लेकीच्या दाराशी गेले. ती कॉलवर होती. तिने मान न वळवता डावा तळहात दाराकडे वर केला. थांबा. हा तळहात घरात रोजचाच होता आणि आप्पांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. सगळी हयात पोलिसाचा हात दिसला की ब्रेक दाबण्यात गेलेली. पाय आपोआप थांबत.

गुरुवारी तसंच पुन्हा झालं. ते पुन्हा गेले आणि तळहात पुन्हा वर झाला. या खेपेला तासाभराने ती बाहेर येऊन म्हणाली, "काय म्हणत होतात आप्पा?" तिचे डोळे लाल झाले होते. आप्पा तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काही नाही गं. चहा घेतेस का विचारत होतो."

तिचाही जीव टांगणीला लागलेला होता, हे त्यांना माहीत होतं. आधीचे दोन दवाखाने चार दिवस संगणक वापरून पुन्हा कागदाकडे वळले होते. हा तिसरा सोमवारी कागद बंद करणार होता. हाही वळला तर कंपनी तिला पुढचं काम देणार नव्हती. तिथली सिस्टर उत्साही होती, कंपाउंडर धडपड्या होता, पण खरी गाठ होती म्हाताऱ्या डॉक्टरांशी. ते रोज सरावाला हाताची घडी घालून मागे बसत. कॅमेऱ्यात त्यांचं नुसतं कपाळ दिसे, आणि त्या कपाळावर एकच भाव होता. बघू.

शुक्रवारी सकाळी चहा ओतताना तिसऱ्यांदा शटर खाली आलं. चहा कपात जायचा तो ओट्यावर गेला. लेक पाणी प्यायला आली तेव्हा सगळं पूर्ववत झालं होतं, फक्त ओटा तसाच होता. "आप्पा, अहो बघून ओता ना," असं पुटपुटत तिने फडकं फिरवलं आणि शेवटच्या सरावाला जाऊन बसली. आप्पा रिकामा कप घेऊन खुर्चीवर बसले. त्यांना आता उघड उघड भीती वाटत होती. आपण आंधळे होणार, लेकीच्या हाताला धरून चालणार, आणि तिचा एक हात कायमचा अडकणार, एवढं सगळं त्यांनी त्या कपाकडे बघत ठरवूनही टाकलं.

आतून सिस्टरचा आवाज आला. लेक शेवटच्या दिवशी स्पीकर चालू ठेवत असे; हेडफोन मात्र बोलायच्या माइकसाठी कानांवरच असत.

"मॅडम, आप्पांना आज काय देऊ? खोकला देऊ?"

"द्या."

आणि मग पहिल्यांदाच डॉक्टरांचा आवाज. "बाई, तुमचे आप्पा फार गुणी आहेत. विचारलं तेवढंच सांगतात, तेही तुमच्या रकान्यांच्या क्रमाने. माझे पेशंट असे नाहीत. ते आधी सुनेचं सांगतात, मग गुडघ्याचं, आणि खरं दुखणं उठून जाताना दारात सांगतात. समोर जिवंत माणूस बसला की हे यंत्र काय करतं ते दाखवा. नाहीतर सोमवारी माझा कागद बरा."

जिवंत माणूस लेक कुठून आणणार? आप्पांनी कप ठेवला आणि दाराशी गेले. तळहात वर झाला. या वेळी आप्पा थांबले नाहीत. सिग्नल तोडून सरळ आत गेले.

"मी आहे ना," ते म्हणाले.

लेकीने आधी डोळे मोठे केले, मग तिच्या ध्यानात आलं की हे काही वाईट नाही. तिने खुर्ची सरकवून दिली. आप्पा कॅमेऱ्यासमोर बसले आणि तिकडे एकच गलका झाला.

"अय्या, आप्पा खरे आहेत? आम्ही तुम्हाला किती गोळ्या दिल्या!" सिस्टर म्हणाली.

"एकही लागू पडली नाही," आप्पा म्हणाले.

कंपाउंडर खो खो हसला. कपाळ जागचं हललं नाही.

"बरं, आप्पा, काय होतंय?" सिस्टरने कीबोर्डवर बोटं ठेवली. "काहीही सांगा हं, मनाला येईल ते."

"उजव्या डोळ्यापुढे अंधार येतो. शटर पाडल्यासारखा. मग जातो."

"अरे वा, नवीनच आहे! मॅडम, हे कुठे?"

"डोळे, मग तक्रारी, मग खाली या," लेक म्हणाली. तिला बरं वाटलं होतं. आप्पा कामाला आले होते.

"दुखतं का?"

"नाही. दुखलं असतं तर कधीच बोललो असतो."

"एका डोळ्याला की दोन्ही?"

"डावा झाकून पाहिला. उजवाच."

"किती वेळ राहतं?"

"एका थांब्यापासून दुसरा थांबा येईपर्यंत."

"आप्पा, थांबे नकोत, इथे मिनिटं मागतंय."

"पाच लिहा मग."

"पहिल्यांदा कधी झालं?"

"मंगळवारी. दाढी करताना." आप्पा सांगत गेले. विचारणाऱ्या माणसाला घाई नव्हती. त्याने विचारायचं आणि यांनी सांगायचं हेच तर तिथे चाललं होतं. इतक्या दिवसांत एवढा निवांतपणा त्यांना कुठे मिळाला नव्हता. दाढीचा ब्रश, आरसा, आरशातून अर्धा गेलेला माणूस, सगळं सांगून झालं. सिस्टर मधेच म्हणाली, "काय छान ॲक्टिंग करतात हो!" आणि पुढचा प्रश्न विचारला. "शेवटचं कधी?"

"आज. चहा ओतताना."

बाजूला लेकीचा माउसवरचा हात थांबला. आप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. ती आपल्याकडे बघते आहे, एवढं त्यांना डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं.

सिस्टरने शेवटचं बटण दाबलं आणि तिथल्या स्क्रीनवर लाल पट्टी आली. तीच पट्टी इकडेही आली.

"आली, आली!" कंपाउंडर ओरडला. "लाल पट्टी! मॅडम, तुम्ही म्हणाला होता ती हीच ना? तातडीची?"

कपाळ पुढे आलं, त्याच्याखाली चष्मा आला, मग नाक, मग सगळे डॉक्टर.

"बाई," ते म्हणाले, "हा सराव चाललाय ना?"

लेक आप्पांकडे वळली. तेव्हा आप्पाच म्हणाले, "सराव त्यांचा. माझं खरंच आहे, डॉक्टर."

"मग ते यंत्र बोलतंय ते खरं आहे. डोळ्याचं दुखणं नाही हे, रक्ताच्या नळीचं असू शकतं. आज डोळ्यावर भागलं, उद्या मेंदूवर जाईल. मोठ्या हॉस्पिटलात न्या. आत्ता. जेवण करून नाही, आवरून नाही, आत्ता."

लेकीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. सराव चालू असताना ते तिच्या कानावरून उतरलेले आप्पांनी कधी पाहिले नव्हते. सिस्टर विचारत होती, "मॅडम, हे सेव्ह करू का? मॅडम?" खोलीत ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

टॅक्सीत आप्पा ड्रायव्हरशेजारी बसले आणि प्रत्येक वळणाला उजवा पाय दाबत राहिले. मागून लेक एकच विचारत होती, "सांगितलं का नाही? आप्पा, सांगितलं का नाही?" पहिल्या चौकात जरा आवाज चढवून विचारलं. दुसऱ्या चौकात आवाज बसला. तिसऱ्या चौकापर्यंत तिचं तिलाच काहीतरी आठवलं असावं, कारण त्यापुढे तिने विचारलं नाही.

हॉस्पिटलात ऐकून घेणाऱ्या पहिल्या माणसाने आप्पांना लगेच चाकाच्या खुर्चीत बसवलं. आत डॉक्टरांना निरोप गेला. मी येईपर्यंत नोंद करून घ्या, असं तिकडून उत्तर आलं. नोंदणीच्या टेबलावर एक तरुण क्लार्क बसला होता. त्याच्यासमोर संगणक होता. दुसऱ्या कंपनीचा कारभार, पण रकाने तेच.

"काय त्रास होतोय?" त्याने विचारलं.

"उजव्या डोळ्याची दृष्टी तात्पुरती जाते," लेक घाईघाईने म्हणाली, "तीनदा झालंय, आणि तुम्ही चुकीच्या पानावर आहात, मागे जा, तातडीचं पान वेगळं असतं, वरच्या बाजूला बघा, ते नाही..."

आप्पांनी खुर्चीत बसल्या बसल्या डावा तळहात तिच्या दिशेने वर केला.

ती थांबली. त्या हाताकडे तिने असं बघितलं की आप्पांना वाटलं, उगाच केलं. पण केलेलं मागे घेता येईना. तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडला नाही. मग आप्पांनी आपलं सगळं आपण सांगितलं: दाढी, आरसा, गुरुवार, चहा. पोराने नीट टाइप केलं.

"आता एकच राहिलं," तो म्हणाला. "हा त्रास आधी घरात कुणाला सांगितला होता?"

"नाही," आप्पा म्हणाले. "आळस केला."

"सांगायला आले होते," लेक म्हणाली. "दोनदा दारापर्यंत आले होते. मी आत घेतलं नाही. तसं लिहा."

क्लार्कने स्क्रीनकडे बघितलं. "इथे 'होय' किंवा 'नाही' एवढंच आहे, मॅडम. बाकीचं लिहायला जागा नाही."

हे तिला माहीत होतं. असल्याच रकान्यांशी अडलेल्या माणसांना ती वर्षभर सांगत आली होती की काहीतरी एक निवडा आणि पुढे चला.

"'होय' करा," ती म्हणाली.

"'नाही' करा," आप्पा म्हणाले.

क्लार्क एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागला. आतलं दार उघडलं, पांढऱ्या कोटातली एक बाई भरभर त्यांच्याकडे यायला लागली. लेकीच्या डोळ्यांतलं पाणी आप्पांच्या मनगटावर पडलं. ते त्यांना दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसलं.

"नक्की काय टाकू, आजोबा?"

"ती म्हणते तेच टाक," आप्पा म्हणाले. "या कामातलं तिला जास्त कळतं."